सरबताची जमाबंदी

सरकारी दप्तरात कर्जत आणि खालापूर हे दोन्ही तालुके कोकणात मोडतात, आणि कोकण म्हटले की समुद्रावरून येणारा खारा वारा ओघानेच गृहीत धरला जातो. परंतु हा वारा अलिबागेस किनाऱ्यावर उतरून, पेणेस विसावा घेऊन आणि पनवेलीस चहापाणी आटोपून आमच्याकडे येण्यास निघेपर्यंत बहुधा दिवस कललेला असतो, आणि तोवर उष्म्याने आमच्याकडून त्या दिवसाची वसुली पुरती करून घेतलेली असते. पश्चिमेने अशी उपेक्षा करावी, तर पूर्वेने प्रत्यक्ष वंचना करावी. खंडाळ्याचा डोंगर डोक्यावर दिसत असल्यामुळे तिकडची शीतल हवा केव्हातरी खाली उतरेल आणि आमचे कल्याण करील, असे परगावच्या मनुष्यास वाटते; पण हवा खाली उतरताना दाबली जाते आणि दाबली गेली की तापते, हा निसर्गाचा शिरस्ता असल्यामुळे दर हजार मीटर उतारामागे सुमारे १० अंश या दराने तिच्यावर उष्णतेची आकारणी होते, आणि ज्या झुळुकीसाठी खंडाळ्यास लोक खिडक्या उघडतात तीच झुळूक खोपोलीस पोचेपर्यंत अशी तापते की तिच्यासाठी आम्हांस खिडक्या लावून घ्याव्या लागतात.

या उष्म्याचा सरकारी दाखलाही जुना आहे. १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांचा मुक्काम चौक या गावी पडला होता, आणि तेथून ते समोरचा डोंगर चढून गेले म्हणून माथेरान हे ठिकाण इंग्रजांच्या नकाशावर आले. इतिहासकार या घटनेस शोध म्हणतात. मे महिन्यात चौकास एक दुपार काढलेला कोणीही मनुष्य तिला पलायन म्हणेल. पुढे १९०७ साली नेरळाहून तेथवर चिमुकली आगगाडी गेली, आणि सुमारे आठशे मीटर उंचीवरील तो गारवा आमच्याच कर्जत तालुक्याच्या कागदोपत्री कायमचा रुजू झाला. फरक इतकाच, की मालकी आमची राहिली आणि वहिवाट मुंबईकरांची पडली. तालुका १८९१ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता, नंतर कुलाब्यात गेला, आणि १९८१ साली कुलाब्याचे नाव रायगड झाले तेव्हा जागचा न हलता रायगडात दाखल झाला. एवढे फेरफार होऊनही एप्रिलमधील दुपारच्या दोनचे ऊन कोणत्याही राजवटीस तसूभर हलवता आले नाही.

आता ज्याला माथेरान चढता येत नाही, त्याने करावे काय? त्याने पाण्यात काहीतरी ढवळावे. हा उपाय इतका जुना, इतका स्वस्त आणि इतका निरुपद्रवी आहे की त्याविषयी घराघरांतून कलह होण्याचे वस्तुतः काही कारण नव्हते. पण मनुष्यस्वभाव असा आहे, की ज्या गोष्टीत करण्यासारखे फारसे काही नसते तीत प्रत्येकजण तज्ज्ञ असतो. पुरणपोळी बिघडली तर घरातील पुरुषमंडळी खालमानेने जेवतात, कारण ती कशी सुधारावी हे त्यांना ठाऊक नसते. परंतु लिंबाचे सरबत बिघडले की चार मते तत्क्षणी पुढे येतात आणि त्यांतील तीन एकमेकांच्या विरुद्ध असतात.

एरवी ज्या गृहस्थास आपल्या घरात वेलदोडे असतात एवढीच मोघम माहिती असते, तो रामनवमीच्या सुमारास एकाएकी स्वयंपाकघरात प्रवेश करतो आणि “आज सरबत मी करतो,” असे फर्मान काढतो. याचे रहस्य सरबताच्या घडणीतच आहे. त्यास विस्तव लागत नाही, ते करपत नाही, उतू जात नाही, त्याचे पीठ सैल होत नाही. आणि कीर्ती मात्र हातोहात मिळते. शिवाय कामाची वाटणी मोठी सोयीची असते. लिंबे धुऊन चिरण्याचे काम पत्नीकडे, बिया वेचण्याचे मुलीकडे, साखर दळून आणण्याचे मुलाकडे आणि पातेली घासण्याचे पुन्हा पत्नीकडे सोपवले, की शेष राहते ते ढवळणे. ते गृहस्थ स्वतः, बनियनवर उभे राहून, अशा गांभीर्याने करतात की समुद्रमंथनास वासुकीच्या एका टोकाशी आपणच होतो असा त्यांचा समज असावा. सरबत जमले तर हात त्यांचा. आंबट झाले तर लिंबे बाजारातून आणणाऱ्याचा दोष.

“अहो, साखर आधी विरघळू द्या, बर्फ मग घाला,” असे पत्नी म्हणते, आणि “तू थांब गं, मला माहीत आहे,” असे उत्तर येते. वस्तुस्थिती अशी, की पाणी जितके गार तितकी साखर सावकाश विरघळते, त्यामुळे बर्फ आधी पडला की साखर तळाशी ठिय्या देऊन बसते आणि वरच्या पाण्यात तिची केवळ अफवा पसरते. परिणामी पातेल्यातून पहिला पेला भरलेल्या पाहुण्यास निव्वळ लिंबाचा रस मिळतो, मधल्यांस मध्यम न्याय मिळतो, आणि शेवटच्या पेल्यात साऱ्या घराचे माधुर्य एकवटते. घरातील सर्वांत धाकटे पोर ही गोष्ट फार लवकर हेरते आणि “मला सगळ्यांत शेवटी द्या,” असे म्हणू लागते. पाहुणे त्याच्या विनयाची वाखाणणी करतात, आणि ते पोरही ती मान खाली घालून स्वीकारते.

त्यातच चाखण्याची चौकशी समिती बसते. जीभ गार झाली की तिला गोडी कमी कळते, हा शरीराचा धर्म; म्हणून बर्फ पडण्यापूर्वी सरबत थोडे अधिकच गोड लागले पाहिजे. पण समितीतील पहिला सभासद नेमका बर्फापूर्वी चाखतो आणि “फार गोड झाले,” असा अभिप्राय देतो. त्यावर एक तांब्या पाणी मंजूर होते. मग बर्फ पडतो, दुसरा सभासद चाखून “पांचट” म्हणतो, आणि त्यावर साखरेची पुरवणी मागणी येते. आंबटपणा गेला म्हणून आणखी दोन लिंबे, लिंबे झाली म्हणून चिमूटभर मीठ, मीठ झाले म्हणून पुन्हा पाणी, अशा रीतीने सहा जणांसाठी आरंभलेले सरबत अकरा जणांस पुरेल इतके होते. या सर्व अवधीत समितीचे सभासद इतके चाखून बसलेले असतात की पेले भरायची वेळ आली म्हणजे तहानलेला असा कोणी उरत नाही, आणि शेजाऱ्यांस हाक मारावी लागते.

लिंबाचा तंटा हा दिवाणी स्वरूपाचा असतो. पन्ह्याचा मात्र धार्मिक आहे. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवास आंब्याची डाळ आणि पन्हे हवेच, येथवर एकमत. परंतु कैरी उकडावी की निखाऱ्यात भाजावी, गूळ घालावा की साखर, वेलदोडा पुरे की केशरही, आणि मीठ घालणे हे पुण्य की पाप, या प्रश्नांवर दोन पंथ आहेत, आणि कर्जतेचे भौगोलिक दुर्दैव असे की ते बरोबर दोहोंच्या सीमेवर वसले आहे. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली तेव्हापासून घाटावरच्या मुली खाली येथे सुना म्हणून येतात आणि अलिबाग-पेणेकडच्याही येतात. त्यामुळे एकाच चुलीपाशी सासू एका पंथाची, थोरली जाऊ दुसऱ्याची, आणि धाकटीने दोन्ही पंथांतील सोयीची वचने निवडून घेतलेली, असा प्रकार फार घरांतून आढळतो. थोरली कैरीच्या गराच्या वाटीला दीड वाटी गूळ घालते. सासूबाई दोन वाट्यांखाली उतरत नाहीत. आणि अखेर जो तहनामा होतो त्यात पावणेदोन वाट्या गूळ ठरून पन्हे दोघींनाही बेचव लागते. हळदीकुंकवास आलेल्या बायका मात्र त्याची प्रशंसा करून, मोगऱ्याची फुले आणि ओटीतले हरभरे सांभाळीत, पुढच्या घरच्या पन्ह्यास जातात, व तेथे याच पन्ह्याचा खरा अहवाल सादर करतात.

कोकमाची हकीकत निराळी. त्याच्या बरण्या बहुधा रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडील सोयऱ्यांकडून येतात. रातांब्याच्या सालींत साखर भरून, बरणीचे तोंड बांधून ती उन्हात ठेवली म्हणजे जो लालजर्द पाक सुटतो तो सरबतासाठी. आणि मीठ घालून टिकवलेला रस म्हणजे आगळ, तो सोलकढीसाठी. दोहोंचा रंग सारखा, बाटली सारखी, आणि घरोघरी चिठ्ठी चिकटवण्याचा आळसही सारखाच. त्यामुळे कोणा घाटावरच्या पाहुण्यास दरवर्षी कोठे ना कोठे पेलाभर गार पाण्यात कालवलेले आगळ मिळते. तो पहिला घोट घेतो. डोळ्यांत पाणी उभे राहते. परंतु हेच कोकणचे प्रसिद्ध पेय असावे आणि आपल्या जिभेस संस्कार नाहीत असे समजून तो विनयाने “काही वेगळीच चव आहे,” असे म्हणतो. यजमान संतुष्ट होतो. आणि पुढील वर्षी तो पाहुणा दाराशी दिसताच, “यांना ते फार आवडते,” म्हणून तीच बाटली आतून मागवतो.

खास आमच्या मातीचे म्हणावे असे सरबत करवंदांचे. परंतु ते आजवर फारच थोड्यांनी प्यालेले आहे, आणि याचे कारण अरसिकता नव्हे. मे महिन्यात ठाकर आणि कातकरी बायका पहाटेपासून डोंगर पालथे घालून करवंदे व जांभळे आणतात आणि नेरळ-कर्जतेच्या स्थानकांवर पानांच्या द्रोणांतून विकतात. घरच्या ढवळणाऱ्यास ती काळीभोर फळे पाहून प्रयोगाची स्फूर्ती होते आणि तो टोपलीभर करवंदे घरी आणतो. मग ती निवडावयास मंडळी बसतात, आणि निवडणे म्हणजे चाखून पाहणे असा सर्वांचा प्रामाणिक ग्रह असल्याने दहा मिनिटांत टोपलीचा तळ दिसू लागतो. उरलेली कुस्करून गाळली तर फडक्यास चीक, बोटांस चीक, ओठांस चीक. आणि प्रत्यक्ष सरबत निघते अर्धा पेला, ते कोणास द्यावे याविषयी नवा वाद. विकणाऱ्या बाईस याची हकीकत सांगितली तर ती ढवळणाऱ्याकडे करुणेने पाहून म्हणते, “करवंदं खायची असतात, दादा.” इतका मुद्देसूद निकाल आमच्या कोणत्याही चौकशी समितीने अद्याप दिलेला नाही.

राहता राहिला गारव्याचा प्रश्न. १८३० च्या दशकात बर्फ अमेरिकेहून जहाजात भरून मुंबईस येऊ लागला, आणि त्या नवलाईच्या काळात जमशेटजी जिजीभॉय यांनी आपल्या मेजवानीत आइस्क्रीम वाढले असता यजमान आणि पाहुणे दोघांनाही पडसे झाले, अशी कथा सांगतात. घरोघरच्या आज्यांचा बर्फाविषयीचा अभिप्राय बहुधा याच खटल्याच्या निकालावर आधारलेला असावा, कारण त्यानंतर त्या विषयात त्यांनी कोणताही नवा पुरावा दाखल करून घेतलेला नाही. त्यांचा विश्वास माठावर, आणि तो अगदी सशास्त्र आहे. माठातून पाझरलेले पाणी वाफ होऊन उडते आणि उडताना आतील पाण्याची उष्णता बरोबर नेते. हवा जितकी कोरडी तितके हे काम चोख. मुंबईच्या दमट हवेत माठ पुष्कळसा शोभेपुरता उरतो. परंतु आमच्याकडे घाटावरून उतरून तापलेली जी कोरडी हवा आम्हांस भाजून काढते तीच बिचारी माठ गार करते. शत्रूच्या खजिन्यातून आपला खर्च भागवण्याचे असे उदाहरण अर्थशास्त्रातही दुर्मिळ असेल. त्या पाण्यात वाळ्याची जुडी सोडली आणि पेल्यात भिजवलेला सब्जा घातला, की सरबताची निम्मी आवश्यकता संपते. परंतु मग ढवळणाऱ्याने करावे काय, या अडचणीमुळे हा उपाय घराघरांतून मागे पडला.

विजेचे म्हणाल तर तिचे जन्मस्थान आमच्याच अंगणात आहे. लोणावळ्याच्या परिसरातील तलावांचे पाणी प्रचंड नळांतून खाली उतरवून टाटांनी १९१५ साली खोपोलीस वीज निर्माण केली, आणि त्यानंतर काही वर्षांनी भिवपुरीस दुसरे केंद्र उभे राहिले. वीज मुंबईच्या गिरण्यांसाठी गेली. चक्रे फिरवून मोकळे झालेले पाणी पाताळगंगेस आणि पेज नदीस मिळाले, आणि म्हणूनच ऐन वैशाखात, जेव्हा कित्येक नद्या आपल्या पात्रातील दगडांची खानेसुमारी करीत पडलेल्या असतात, तेव्हा या दोन नद्यांस पाणी असते. वीज तिकडे आणि पाणी इकडे, अशी ही मूळची वाटणी. पुढे वीज आमच्याही घरी आली आणि फ्रिजही आला. परंतु बर्फाचे खण भरून ठेवावेत, चार तासांनी पाहुण्यांसमक्ष मोठ्या ऐटीने उघडावेत, आणि आत कोमट पाणी हेलकावे खाताना दिसावे, कारण मधल्या काळात तारांच्या दुरुस्तीचा मुहूर्त लागलेला, हा अनुभव घेतला म्हणजे मूळच्या वाटणीत काही दूरदृष्टी होती असे वाटू लागते.

तहानेचे राजकीय सामर्थ्य किती असते हे तर खालापूरकरांस कोणी शिकवू नये. १६६१ च्या फेब्रुवारीत कारतलबखान मोगली फौज घेऊन लोणावळ्याच्या बाजूने कोकणात उतरू लागला, तेव्हा चावणी गावाजवळच्या उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी त्यास दोन्ही तोंडांनी कोंडले. झाडी दाट, वारा नाही, पाणी नाही, आणि अंगावर युद्धाचा सरंजाम. अखेर खंडणी देऊन खानाने परतीची वाट मागून घेतली. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की हे फेब्रुवारीत घडले, जेव्हा आमच्याकडे पहाटे अजून गोधडी सोडवत नाही. मे महिना असता तर खिंडीच्या तोंडाशी पन्ह्याची एक घागर मांडली असती तरी सबंध फौजेने हत्यारे खाली ठेवून रांग लावली असती, आणि वाटाघाटीस एकच मुद्दा उरला असता: गूळ की साखर.

या इतिहासाचे प्रायश्चित्त म्हणून की काय, हल्ली आमच्या हद्दीतून कोणासही कोरड्या घशाने जाऊ देत नाहीत. मुंबई-पुण्याहून आलेल्या पाहुण्याने “फक्त पाणी द्या,” असे म्हणणे हा यजमानाचा अपमान, आणि “आत्ताच शेजारी घेतले,” असे म्हणणे हा त्याहून मोठा. कारण शेजारचे सरबत कसे असते हे यजमानास चांगले ठाऊक असते.

“थोडं अजून घ्या, भाऊजी.”

“नको हो वहिनी, पोट भरलं.”

“सरबतानं कुठं पोट भरतं का?”

या प्रश्नास शास्त्रार्थाने उत्तर नाही. पाहुणा दुसरा पेला घेतो, आणि आळीतील तिसऱ्या घरातून निघेपर्यंत त्याच्या चालण्यातून भरलेल्या पखालीसारखा आवाज येऊ लागतो. एवढ्यावर तो सुटत नाही. त्यास अभिप्रायही द्यावा लागतो, आणि तो फार लवकर दिला तर खोटा, फार उशिरा दिला तर प्रतिकूल समजला जातो.

या साऱ्या उपद्व्यापाची आवश्यकता काय, असे विचारणारे लोक द्रुतगती महामार्गावर भेटतात. २००२ साली तो रस्ता पुरा झाल्यापासून हजारो प्रवासी खालापूरच्या टोलनाक्यावर आणि तेथल्या फूड मॉलमध्ये क्षणभर थांबतात, शीतकपाटातून रंगीत पाण्याची बाटली घेतात, उभ्याउभ्या रिती करतात आणि पुढच्या घाटास लागतात. बाटलीतील गोडी ठरलेली, आंबटपणा ठरलेला, गारवा ठरलेला. एका बाटलीत आणि दुसरीत केसाइतके अंतर नाही. तहान भागवण्याच्या दृष्टीने तीत काडीचे न्यून नाही, आणि दोष म्हणाल तर हाच आहे. जिच्याविषयी कोणास बोल लावता येत नाही, कोणाचे कौतुक करता येत नाही, सासूस नाक मुरडता येत नाही की जावेस उत्तर देता येत नाही, त्या बाटलीने तहान जाते, पण दुपार जात नाही. आमचा प्रश्न तर मुळातच तहानेचा नसून दुपारचा आहे. साडेबारास जेवणे आटोपल्यापासून साडेपाचाच्या झुळुकीपर्यंतचे पाच तास दाराबाहेर पाऊल टाकणे अशक्य असते, झोप घामाने मोडते आणि वर्तमानपत्र वाऱ्यासाठी हलवण्यात संपते. तेवढा काळ लिंबे चिरण्यात, साखरेची पुरवणी मंजूर करण्यात, परस्परांच्या माहेरच्या पद्धतींवर ताशेरे ओढण्यात आणि शेजाऱ्यांस हाका मारण्यात गेला, की कोणीतरी बाहेर डोकावून “ऊन उतरलं,” असे म्हणते. पेल्यातील पाण्याने शरीर किती थंडावले हे वैद्य सांगोत. माणसे मात्र भांडता भांडता निवलेली असतात.

हा अंमल जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत चालतो. मग एका रात्री माथेरानच्या बाजूने ढग उतरतात, कौले तडतडू लागतात, आणि सकाळी सारे घर चहासाठी चुलीभोवती गोळा होते. सरबताच्या खात्यात त्या दिवशी जी शिल्लक निघते ती मोठी अडचणीची असते: तीन लिंबे, कैरीचा वाटीभर गर, आणि अर्धी बाटली कोकमाचा पाक. ढवळणारे गृहस्थ आठवडाभर ती शिल्लक पावसात भिजून आलेल्या पाहुण्यांवर खपवून पाहतात. परंतु कुडकुडणाऱ्या मनुष्यास कोकम पाजण्याचा कायदा अद्याप झालेला नसल्याने तो प्रयत्न फसतो, आणि कोणतीही कार्यभाराची यादी न देता ते स्वयंपाकघरातून निवृत्त होतात. पत्नी काही बोलत नाही. आंबटगोड आमटीस आमसूल लागते आणि गूळ लागतो, आणि कोकमाच्या पाकात हे दोन्ही गुण आयते एकत्र असतात, हे तिला ठाऊक असते. त्या दिवशी बाहेर मुसळधार पाऊस कोसळत असता गृहस्थ वाफाळत्या भातावर आमटी ओतून घेतात, पहिला भुरका मारतात, क्षणभर थांबतात, आणि समाधानाने मान डोलवीत सर्वांस ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, “पाहिलंत? पाकाचं प्रमाण माझं होतं!”